मारबतीसंगं गेलेली डब्बी

आमी दोघा नवराबायकोनं संगं केलेलं शेवटचं काम म्हणजे जेवण. त्यात वेगळं काई नव्हतं. भात होता, लाखोळीच्या डाळीचं वरण होतं अन् झिंग्याची चटणी होती. बाहेर पावसाची झड लागली होती, म्हणून ओसरीत न बसता चुलीपाशीच बसलो. तिनं दोन-चार घास खाल्ले अन् पुढचा हातातच धरून बसली. मंग डब्बीतून गोळी काढली, गिलासभर पाण्यासंगं गिळली अन् मले म्हणाली, "तुमी जेवा बरोबर. मी बसली हाय तोवर."

ती गोळी आता काई करत नाई, हे तिले माहीत होतं. मलेही होतं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं आधीच सांगून टाकलं होतं. तरी ती रोज घ्यायची. एक डाव मी चिडून म्हटलं, "काऊन गिळून राह्यली वं? नुसत्या उलट्या होते." तं म्हणे, "गोळी बंद केली तं मले परत साऱ्यांच्या मांगून जेवा लागल."

उजाडल्यावर पाह्यलं तं ती गेली होती. हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याले आशेवर ठेवणं मले जमत नाई.

आमी तलावाचे लोक. गाव कुरखेड्याच्या आत, जंगलाच्या कडेले. मी जाळं टाकायचो अन् ती हातजाळं घेऊन कडेच्या गवतात कमरेएवढ्या पाण्यात फिरायची, झिंगे अन् बारीक मासोळ्या धरायची. माझ्यापेक्षा तिच्या हाताले मासा जास्त लागायचा. हे साऱ्या गावाले ठाऊक होतं, अन् मले तोंडावर सांगायलेही कोणी लाजत नव्हतं. "तू घरी भात शिजव ना बापा, तिले जाळं दे," असं लोक म्हणायचे. मी म्हणायचो, "तिच्या हातचा भात तुमी खाल्ला नाई, म्हणून म्हणता."

एका उन्हाळ्यात तिच्या पोटाची डावी बाजू कडक लागायले लागली. हात ठेवला तं आत दगड असल्यावानी. आमच्याकडे हिवताप म्हणजे घरचाच पाहुणा. हिवतापानं पोटातली पानथरी सुजते, तीच वाढली असं सारेच म्हणाले, मीही म्हटलं. हिवतापाच्या गोळ्या खाऊन झाल्या. दगड काई कमी झाला नाई, ती मात्र वाळत गेली. मंग गडचिरोलीले रक्त तपासलं, अन् तिथून त्यांनी नागपूरले धाडलं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, आमच्या पोरीच्या वयाची. तिनं सांगितलं, रक्ताचा कॅन्सर आहे. मले पुढचं काई ऐकू आलं नाई. हिनं मात्र सरळ विचारलं, "किती दिस?"

डॉक्टरीणबाई म्हणाली, "मावशी, तुम्ही थोड्या वर्षांआधी आल्या असत्या तर माझ्याजवळ काही नव्हतं. आता ह्याच्यावर एक गोळी निघाली आहे. पेशी वाढवायचं तुमच्या शरीरातलं एक बटण दाबलेलंच अडकून बसलंय. ही गोळी जाते अन् नेमकी त्या बटणावर बसते. त्याला काम करू देत नाही."

"एवढीशी गोळी," ही म्हणाली, "अन् एवढ्या मोठ्या आंगात तिले बटन सापडते?"

"तेवढंच तिला येतं, मावशी. दुसरं काही येत नाही."

मंग बाईनं विचारलं की तपासणीच्या रक्तासंगं एक नळी जास्तीची घेऊ का. ह्या रोगावर अभ्यास चालू आहे, त्याच्यासाठी पाहिजे होती. ही म्हणे, "घ्या ना बाई. तुमीच तं म्हनता, माह्या आंगात लय जादा होऊन राह्यलं."

दवाखान्याची नर्स हसली. मी नाई हसलो.

गरिबांना ती गोळी दवाखान्यातून फुकट मिळायची, कागद जमवले की झालं. अडचण वेगळीच निघाली. गोळी रोज एकाच वेळी, पोटभर जेवणासंगं, अन् वर मोठा गिलास पाणी. रिकाम्या पोटी घेतली तं ओकून पडणार. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "संध्याकाळी जेवता कधी?"

"सारे जेवले का मंग."

"म्हणजे किती वाजता?"

"ते मले कसं सांगता येईन? ह्यायले इचारा."

बाईनं माझ्याकडे पाह्यलं. आमच्याकडे बाई मांगून जेवते. मी, धाकटा भाऊ, आला-गेला, सारे उठले की मंग ती बसणार, अन् उरलं असन ते खाणार. एखाद्या दिवशी नुसती भाताची पेज. कोणी तिले तसं कर म्हटलं नव्हतं, अन् नको कर असंही कोणी म्हटलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, आजपासून मावशी तुमच्यासोबत जेवतील. हे औषधातच आलं, समजा."

पहिल्या दिवशी ती माझ्याकडे पाठ करून जेवली. भिंतीकडे तोंड. धाकट्या भावाची बायको दारातून म्हणाली, "बाई, आता एकाच ताटात बसा ना दोघं! लगनात ऱ्हायलं असन तं."

"तू चूप वं. दवाई हाय ही."

"अशी दवाई मले बी आना."

हळूहळू ती वळली. पाठीची बाजू झाली, बाजूचं समोर झालं. तेव्हा मले कळलं, की तिले मरळीचं डोकं आवडते. लग्न झाल्यापासून मरळीचं डोकं माझ्याच ताटात पडत आलं होतं अन् मी मुकाट खात आलो होतो. मले ते तेवढं आवडतही नाई. अन् तिले कळलं, की मी घास तोंडात घालायच्या आधीच वरून मीठ टाकतो. "म्या बनवलेलं चाखून तं पाह्यत जा," म्हणे. "सारा जनम मीठ टाकून राह्यले तुमी, मी इचार करो का माह्याच हाताले चव नाई."

पोटातला दगड विरघळत गेला. पण गोळीनं तिचे हालही केले. पापण्या सुजायच्या. ओकाऱ्या यायच्या. अन् एक गमतीची गोष्ट झाली. ती काळीसावळी होती, महिन्यामहिन्यानं उजळ होत गेली. गोळीनं तसं होते, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. बाजारात मासोळ्या घेऊन बसली तं बाया जमायच्या.

"मावशी, नागपूरहून कोनती पावडर आनली वो?"

"दिसातून दोनदा ओकून पाह्य, तू बी गोरी होशीन."

"म्हातारपनी नवरदेव पाह्यता का?"

"हाय तोच चाखायच्या आधी मीठ टाकते. दुसरा काय कराचा?"

हसायची. पण एक गोष्ट तिले सहन झाली नाई. पिंढऱ्यांत पेटके यायचे. एक डाव ती छातीएवढ्या पाण्यात होती अन् दोन्ही पाय आखडले. मी जवळ होतो म्हणून केस धरून ओढली. तलावाच्या पाळीवर आणून टाकलं अन् वर शिव्याही दिल्या. त्या दिवसापासून मी तिचं पाण्यात उतरणं बंद केलं. ती पाळीवर बसून पाहायची. कॅन्सर सांगितला तेव्हा रडली नव्हती. पाळीवर बसून मले गवतातून झिंगे धरताना पाह्यलं की तिचं तोंड असं व्हायचं, की मी तिकडे पाहतच नव्हतो. एकदा तिथूनच ओरडली, "तिथी नाई! उजव्या आंगानं! आंधळे हाय का तुमी?" मी उजव्या अंगानं गेलो. झिंगे तिथंच होते.

असं वर्षाच्या वर चाललं. मंग पोळ्याच्या थोडं आधी नागपूरले तपासणीची पाळी आली. डॉक्टरीणबाईनं कागद पाह्यला अन् खुर्चीतून उठून हिच्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, रक्त नॉर्मल आलं. अगदी तुमच्या-माझ्यासारखं." तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या अन् म्हणाली, गोळी सुरूच ठेवायची, सोडायची नाही. तिनं हे म्हटलं होतं. लोक म्हणतात, डॉक्टरनं नीट सांगितलं नसन. तसं नाई. सांगितलं होतं, अन् आमी ऐकलंही होतं. पण नॉर्मल हा शब्द एवढा मोठा होता, की त्याच्या मांगचं सारं झाकून गेलं.

परतीच्या बसमध्ये वडसा गाव मांगं पडेस्तोवर ती मांडीवरची डब्बी फिरवत होती. मंग म्हणाली, "गेलं म्हन्जे."

"काय?"

"दुखनं. आपली वाट धरली त्यानं."

आमच्याकडे दुखणं येते अन् जाते. त्याले पाय असते. मातामायच्या देवळात दिवा लावतो, मान देतो, अन् ते निघालं की शिवेपर्यंत पोचवून देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत असते. पोळ्याले दारात खोचलेल्या पळसाच्या फांद्या त्या दिवशी पहाटे काढायच्या, घरातला केरकचरा घ्यायचा अन् साऱ्या गावानं ओरडत शिवेवर जायचं. खासी, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत! शिवेवर ते सारं टाकायचं, जाळायचं अन् मांगं न पाहता घरी यायचं. ज्याच्या घरी त्या वर्षी मोठं दुखणं होऊन गेलं, त्यानं त्या दुखण्याची दवाईही द्यायची. काढ्याचं उरलेलं मूळ असो का शिशी असो. घरात दवाई ठेवली तं दुखणं तिचा वास घेत परत येते, असं माझी आजी सांगायची अन् तिची आजी तिले.

त्या पहाटे ती माझ्या आधी उठली होती. लुगडं खोचलेलं, हातात पळसाच्या फांद्या अन् फांद्यांवर ती डब्बी. तीन महिन्यांच्या गोळ्या. तिनं माझ्याकडे पाह्यलं. मी चपला घातल्या अन् तिच्या संगं निघालो. मलेही तेच बरोबर वाटत होतं. दुखणं गेलं होतं, साऱ्यांवानी रक्त झालं होतं, मंग त्याचं सामान घरात काऊन ठेवायचं? शिवेवर जाळ केला होता. तिनं सारं त्यात टाकलं अन् असं ओरडली, की धाकट्या भावाची बायको म्हणाली, "बाई, मारबत बहिरी नाई!"

आता शिकलेले लोक ऐकतात अन् अंधश्रद्धा म्हणतात. म्हणा. पण बरं झाल्यावरही दवाई खात राहायची, हे आमच्यापैकी कोणी कधी पाह्यलं होतं? हिवतापाची गोळी ताप गेल्यावर कोणी खाते? तिचा विश्वास आंधळा असता तं ती वर्षभर ओकत ओकत गोळी गिळत बसली नसती.

तो हिवाळा चांगला गेला. खोटं काऊन सांगू, आमच्या साऱ्या जन्मात तेवढा चांगला हिवाळा मले आठवत नाई. पेटके गेले. पापण्या उतरल्या. ती परत काळीसावळी झाली अन् पाण्यात उतरली. पहिल्या दिवशी बाहेर येईनाच. मी पाळीवरून हाका मारून थकलो. "या ना तुमी बी," म्हणे, "पानी का कोनाच्या बापाचं हाय?" शिंगाडे काढले, उकडले, बाजारात नेले. नागपूरची पाळी आली अन् गेली. ती धान कापणीत होती. गोळी नव्हती, म्हणून परत मांगून जेवायले लागली. मी एक डाव म्हटलं, बस ना संगं. ती म्हणाली, "आता काऊन? बरी झाली ना मी." मले वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायसारखं ते नव्हतं.

मोहफुलं पडायच्या दिवसांत ती एका सकाळी टोपली घेऊन निघाली अन् फाटकाजवळच बसली. मी गेलो तं माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. दगड परत आला होता.

डॉक्टरीणबाई रागावली असती तं बरं झालं असतं. तिनं विचारलं, गोळ्या कुठं आहेत. हिनं सांगितलं, मारबतीले दिल्या. बाई उगीच टेबलावरचे कागद सरकवत राहिली. मंग म्हणाली, "मावशी, मी तर तुम्हाला गोळी सोडू नका म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं. पन नॉर्मल बी तुमीच म्हटलं."

"ते नॉर्मल गोळीमुळे होतं, मावशी. ती बटण धरून बसली होती. तुम्ही तिला उठवलं."

तेव्हा मले समजलं. बटणाचं कधी समजलं नव्हतं, पण तलावाच्या पाळीले भोक पडते ते माहीत आहे. त्यात आपण गवत अन् चिखलाचा बोळा ठोकतो. पाणी थांबते. पाळ कोरडी दिसते. म्हणून कोणी बोळा काढून पाहत नाई, की बा भोक बुजलं का. भोक असतेच. ही गोळी तो बोळा होती, अन् आमी समजलो की दुखणं निघून गेलं. ते कुठंच गेलं नव्हतं. आत बसलं होतं, बोळ्याच्या मांगं. मी हे तिले बसमध्ये सांगितलं. ती खिडकीबाहेर पाहत राहिली अन् म्हणाली, "मंग तसं सांगाचं ना त्या बाईनं. बटन काय सांगते? आपल्या घरी एकच बटन हाय, अन् लाइट तं नसतेच."

गोळी परत सुरू केली, आधीपेक्षा जास्त. आमी परत संगं जेवायले लागलो. थोडे दिवस दगड कमी झाला, मंग वाढला, मंग तिले ताप भरायले लागला. डॉक्टरीणबाई म्हणाली, मधल्या महिन्यांत रोगानं रूप बदललं, आता गोळी त्या बटणावर नीट बसत नाई. दुसरी एक गोळी बाहेरदेशी तपासून पाहून राहिले आहेत, पण ती आपल्याकडे अजून नाई आली. तिनं परत एक नळी रक्त मागितलं, अभ्यासासाठी. "ह्या रक्तातून पुढच्यांना कळेल, गोळी का हरते ते."

हिनं हात पुढं केला. "घ्या. पन त्यायले सांगा, बाई येडी नोती."

डॉक्टरीणबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सांगितलं का नाई, मले माहीत नाई.

मृगानंतर ती अंथरुणालेच लागली. मंग झड लागली अन् सुरुवातीले सांगितलं ते जेवण झालं.

तिले त्याच दिवशी दुपारी पावसातच जाळलं. पोरगी सासरहून आली होती. घरात चूल पेटली नव्हती, शेजारून भात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तं अंगणात धाकट्या भावानं तिचं अंथरूण गुंडाळून ठेवलं होतं. माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण शिवेबाहेर टाकतात. गुंडाळीवर तिची फणी होती, औषध घ्यायचा गिलास होता अन् ती डब्बी होती. डब्बीत गोळ्या होत्या. मी डब्बी उचलली अन् खिशात टाकली.

भाऊ म्हणाला, "भाऊ, ते राहू दे ना. तिच्या संगं जाऊ दे."

"एकदा गेली तेवढी बस झाली."

"मंग काय कराचं तिचं?"

"नागपूरले नेऊन देतो."

"आज? सुतक हाय भाऊ."

"सुतक मले हाय. डब्बीले नाई."

पोरगी मांगं मांगं आली, पण अडवलं नाई. मी पहिल्या बसनं निघालो. दवाखान्यात पोचलो तं आमची नेहमीची जागा, गोळ्या मिळतात त्या खिडकीसमोरचा बाक, भरला होता. टोकाले थोडी जागा होती, तिथं बसलो. बाजूले नवराबायको बसले होते. मुलचेऱ्याकडच्या बंगाली गावचे, तरणेच होते. बाईच्या हातात तशीच डब्बी होती, नवी, उघडली नव्हती. ती डब्बी फिरवून फिरवून पाहत होती. तिनं माझ्या हातातली पाह्यली अन् नवऱ्याले कोपर मारलं.

तो म्हणाला, "काका, ये कैसे लेना है? खिडकीवर सांगितलं, पण इले समजलं नाही."

मी सांगितलं. पोटभर जेवताना घ्यायची, मोठा गिलास पाणी, रोज त्याच वेळी. ओकारी येईन, पाय आखडतील, पाण्यात एकटं पाठवायचं नाई. रंग उजळला तं घाबरायचं नाई. मंग त्याले विचारलं, "तुह्यी बायको कधी जेवते?"

तो गडबडला. "बाद में. सब के बाद."

"आजपासून संगं बसवायची. हे दवाईतच आलं." मंग मी बाईकडे पाह्यलं. "अन् एक दिवस हे लोक सांगतील, रक्त चांगलं झालं. तेव्हा ही डब्बी फेकायची नाई. कोणाले द्यायची नाई, कुठं वाहायची नाई. दुखणं गेलं नसते. हिनं दाबून ठेवलेलं असते. समजलं?"

तिनं मान हलवली. नवऱ्यानंही हलवली. मंग त्यानं आजूबाजूले पाह्यलं अन् विचारलं, "आपकी पेशंट किधर है, काका?"

माझं डोकं दहाव्याले भादरायचं होतं, म्हणून त्याले पाहून कळण्यासारखं काई नव्हतं. बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती, दोन्ही हातांत डब्बी धरून. मी साऱ्या जन्मात कोणाचं मन राखायले खोटं बोललो नाई. बायको म्हणायची, थोडं शिका.

"घरी हाय," मी म्हटलं. "तिच्या गोळ्या आनाले आलो."

मंग उठलो, त्यांची पाठ माझ्याकडे होईस्तोवर थांबलो अन् खिडकीत डब्बी परत दिली.